वर्गमित्रांची खुशाली आणि तिचा जमाखर्च

व्यवस्थापनाची पदवी घेऊन बाहेर पडलेली मुले-मुली पाच, दहा किंवा पंचवीस वर्षांनी पुन्हा एकत्र जमतात आणि कोण कोठे पोहोचला याची विचारपूस करतात. कोणाला बढती मिळाली, कोणी कारखाना काढला, कोण दुबईला गेला, कोणाचे लग्न झाले, कोणाची मुले किती मोठी झाली, असे सारे निघते. वरवर पाहता या मेळाव्याच्या गप्पा. व्यापाराच्या पानावर त्यांचे काय काम, असे एखादा वाचक विचारील.

काम आहे, आणि ते मोठे आहे. वर्गमित्रांच्या खुशालीने पगार वरखाली होतात, धंदे सुरू होतात आणि काही सुरू होण्यापूर्वीच थांबतात, हे अभ्यासकांनी आकडेवारीने दाखविले आहे. दुसरे असे की, ही खुशाली एखाद्या अर्धवट ताळेबंदासारखी असते. जमेची बाजू भरभरून लिहिलेली, नावेची बाजू बहुधा कोरी. हुद्दा लिहिला जातो, त्या हुद्द्यासाठी घरात कोणी काय सोडले ते लिहिले जात नाही. ज्यांच्या घरात आज कोणी एम.बी.ए. करीत आहे किंवा करू इच्छीत आहे, त्यांनी हा ताळेबंद दोन्ही बाजूंनी वाचायला शिकले पाहिजे.

हार्वर्डची पद्धत

वर्गमित्रांची नोंद ठेवण्याची ही पद्धत अमेरिकेत फार पक्की रुजली आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ साली सुरू झाले. तेथे एका वर्षी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचे सुमारे नव्वद-नव्वद जणांचे गट पाडतात. त्यांना सेक्शन म्हणतात. पहिल्या वर्षाचे सारे तास एका सेक्शनचे विद्यार्थी एकत्रच बसून करतात. कोणी कोणत्या सेक्शनमध्ये बसावे हे शाळा ठरविते, विद्यार्थी नाही. त्यामुळे शेतकऱ्याचा मुलगा, लष्करातून आलेला अधिकारी आणि बँकवाल्याची मुलगी वर्षभर एकाच खोलीत वाद घालतात आणि एकमेकांना ओळखू लागतात.

पदवीनंतर दर वर्गाचा एक चिटणीस असतो. तो साऱ्यांकडून खबर मागवितो आणि ती माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात छापली जाते. दर पाच वर्षांनी मेळावा भरतो. अशा रीतीने तरुण वयातल्या ओळखीला पुढे चाळीस-पन्नास वर्षे पाणी घातले जाते.

या नोंदींत सर्वांत गाजलेला वर्ग १९४९ सालचा. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक सरकारी मदतीवर शिकू शकतील असा कायदा अमेरिकेने १९४४ साली केला होता. या वर्गात बहुसंख्य असे युद्धावरून आलेले तरुण होते. पुढे त्यांतले इतके जण मोठमोठ्या कंपन्यांच्या शिखरावर गेले की, ज्यांच्यावर डॉलरचा पाऊस पडला तो वर्ग, अशी त्यांची तिकडे ख्याती झाली. जेम्स बर्क हे जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख झाले. १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या गोळ्यांत कोणी विष मिसळून सात जणांचा बळी घेतला, तेव्हा देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागविण्याचा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीत झाला. टॉम मर्फी यांनी कॅपिटल सिटीज ही छोटी प्रसारण कंपनी वाढवीत नेली आणि १९८५ साली तिच्याहून कितीतरी मोठी एबीसी साडेतीन अब्ज डॉलरना घेण्याचा सौदा केला. पीटर मॅककलो झेरॉक्सचे प्रमुख झाले, मार्विन ट्रॉब ब्लूमिंगडेल्स या बड्या दुकानाचे.

या झगमगत्या यादीत एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. त्या वर्गात एकही स्त्री नव्हती. हार्वर्डच्या दोन वर्षांच्या एम.बी.ए.ला स्त्रियांना थेट प्रवेश मिळाला तो १९६३ साली, आणि त्या वर्षी आल्या त्या आठ जणी. म्हणजे १९४९ च्या वर्गाची खुशाली ही एका हाताने लिहिलेली खुशाली होती. मुले वाढविणे, नवऱ्याच्या बदलीबरोबर गाव सोडणे, आजारी सासऱ्याची सेवा करणे हा खर्च ज्या हातांनी उचलला, त्यांना त्या वहीत पानच नव्हते.

एकोणऐंशीच्या वर्गातले तिघे

त्यानंतर तीस वर्षांनी त्याच शाळेतून बाहेर पडलेल्या १९७९ च्या वर्गातली तीन नावे घेऊ. तिघेही जगाला ठाऊक आहेत.

पहिले जेफ्री स्किलिंग. वर्गात अव्वल पाच टक्क्यांत आलेला हुशार विद्यार्थी. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतून ते १९९० साली एन्रॉनमध्ये गेले आणि फेब्रुवारी २००१ मध्ये तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. महाराष्ट्राच्या वाचकाला एन्रॉन हे नाव दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे चांगलेच आठवेल. स्किलिंग यांनी ऑगस्ट २००१ मध्ये पद सोडले आणि डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळे काढले. खोट्या हिशेबांच्या प्रकरणात २००६ साली ते दोषी ठरले आणि त्यांना चोवीस वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली. पुढे ती कमी होऊन चौदा वर्षे झाली आणि २०१९ साली ते सुटले. दहाव्या, विसाव्या वर्षाच्या मेळाव्यात त्यांची खुशाली वाचून किती जणांना हेवा वाटला असेल याची कल्पना करावी.

दुसरे क्लेटन क्रिस्टन्सन. हे पुढे हार्वर्डमध्येच प्राध्यापक झाले. बड्या कंपन्या छोट्या नव्या कंपन्यांकडून का हरतात या त्यांच्या सिद्धांताने ते जगभर गाजले. २०१० साली कर्करोगाशी झुंजत असताना त्यांनी पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. त्यात त्यांनी सांगितले की, आपल्या वर्गाचे मेळावे जसजसे होत गेले तसतसे अधिकाधिक वर्गमित्र दुःखी, घटस्फोटित आणि मुलांपासून तुटलेले दिसू लागले. यांतल्या एकानेही घर मोडण्याचा बेत आखून पदवी घेतली नव्हती. स्किलिंग आपले वर्गमित्र होते आणि विद्यार्थिदशेत ते चांगले गृहस्थ होते, हेही त्यांनी सांगितले.

मग हे घडते कसे? क्रिस्टन्सन यांनी दिलेले उत्तर कोणाही दुकानदाराला पटेल असे आहे. कंपनी आपला पैसा आणि माणसे तिकडे वळविते जेथून फायदा लवकर दिसतो. माणूसही तेच करतो. त्याच्याजवळ अर्धा तास शिल्लक उरला तर तो ऑफिसच्या कामाला देतो, कारण माल खपला, सौदा ठरला, बढती मिळाली हे लगेच दिसते. मूल घडविण्याचे फळ वीस वर्षांनी दिसते. रोजच्या रोज घराची गुंतवणूक थोडी थोडी कमी होत जाते आणि तोटा कळतो तेव्हा भांडवलच संपलेले असते. क्रिस्टन्सन २०२० साली वारले.

तिसरे नाव मेग व्हिटमन यांचे. पदवीनंतर त्या सिनसिनाटीला प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये लागल्या. पती मेंदूचे शल्यविशारद. त्यांचे पुढचे प्रशिक्षण सॅन फ्रान्सिस्कोला होते म्हणून १९८१ साली व्हिटमन यांनी नोकरी बदलून तिकडे बिऱ्हाड नेले. पुढे त्या डिस्नेमध्ये वर चढल्या. १९९२ साली पतीला बोस्टनच्या रुग्णालयात जागा मिळाली, तेव्हा पुन्हा नोकरी सोडली, पुन्हा गाव बदलले. मग १९९८ साली ईबे या अवघ्या तीसेक माणसांच्या नव्या कंपनीचे बोलावणे आले. या वेळी पती आणि दोन मुले त्यांच्याबरोबर कॅलिफोर्नियाला आली आणि पतीने स्टॅनफर्डला काम धरले. दहा वर्षांनी व्हिटमन यांनी ईबे सोडली तेव्हा तेथे सुमारे पंधरा हजार माणसे काम करीत होती.

एका वर्गातल्या या तिघांचे हुद्दे नुसते लिहिले तर तीन यशस्वी माणसे दिसतात. नावेची बाजू लिहिली की तीन अगदी वेगळे धडे मिळतात. व्हिटमन यांच्या घरात बदलीचा भार दोघांनी पाळीपाळीने उचलला. दोनदा पत्नीने, एकदा पतीने. हा तपशील त्यांच्या हुद्द्यांच्या यादीत नसतो. पण ज्याला त्यांच्यापासून काही शिकायचे आहे, त्याच्यासाठी तोच कामाचा.

खुशालीने पगार हलतो

आता बाजाराची गोष्ट. केली श्यू या अभ्यासिकेने हार्वर्डच्या अनेक वर्गांतून पुढे मोठ्या कंपन्यांचे वरिष्ठ झालेल्यांचा हिशेब तपासला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध केला. सेक्शन शाळा ठरविते, त्यामुळे सारख्या स्वभावाचे लोक आधीच एकत्र आले असे म्हणता येत नाही. तरीही एका सेक्शनमध्ये बसलेल्यांचे पगार आणि दुसऱ्या कंपन्या विकत घेण्याचे त्यांचे धोरण, हे त्याच वर्षीच्या दुसऱ्या सेक्शनवाल्यांपेक्षा एकमेकांशी अधिक मिळतेजुळते निघाले. विशेष म्हणजे मेळावा झाल्यानंतरच्या वर्षी हा परिणाम दुपटीहून अधिक दिसला. मित्राच्या धंद्याला केवळ नशिबाने बरे दिवस आले आणि त्याचा पगार वाढला, तरी त्याच्यामागून इकडच्याचाही वाढतो, असेही त्यांना आढळले.

याचा सरळ अर्थ असा की, मेळाव्यात दुसऱ्याचा पगार कळला की माणूस परत जाऊन आपल्या मालकाकडे मागणी करतो. ज्याला ही खबर मिळत नाही तो मागत नाही. आपल्या मुलांचे नुकसान पुष्कळदा येथेच होते. लायकी असते, पण त्या कामाला बाजारात काय भाव आहे हे सांगणारे कोणी नसते. बाजारभाव न विचारता आंबा विकणारा बागाईतदार जसा दलालाच्या शब्दावर जातो, तसा नोकरीतला मुलगा मालकाच्या शब्दावर जातो.

दुसरा अभ्यास जोश लर्नर आणि उल्रिके माल्मेंडियर यांचा, तोही २०१३ सालचा. शिकायला येण्यापूर्वी ज्यांनी स्वतःचा धंदा केला होता असे विद्यार्थी एखाद्या सेक्शनमध्ये जास्त असले, तर त्या सेक्शनमधले इतर विद्यार्थी अधिक संख्येने धंद्यात पडत असतील, असा आपला अंदाज. प्रत्यक्षात उलटे निघाले. अशा सेक्शनमधून पुढे धंदा काढणारे कमी निघाले. परंतु जे कमी झाले ते बुडणारे धंदे होते, चालणारे धंदे कमी झाले नाहीत. ज्याने उधारीचे चटके खाल्ले आहेत, ज्याला भागीदाराने अर्ध्यावर सोडले आहे, असा मित्र शेजारी बसला की कच्ची योजना कच्ची आहे हे वेळेवर कळते. यशाची खबर माणसाला हुरूप देते. पण पैसा वाचविते ती अपयशाची खबर, आणि मेळाव्यात नेमकी तीच कोणी सांगत नाही.

सुरुवात जवळजवळ सारखी, वाट वेगळी

खुशालीत सर्वांत कमी लिहिली जाणारी गोष्ट म्हणजे वर्गातल्या मुलींचे पुढे काय झाले. याचा सर्वांत नेटका हिशेब मारियान बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स काट्झ या तिघांनी २०१० साली मांडला. यांपैकी गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शिकागो विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधून १९९० ते २००६ या काळात पदवी घेतलेल्या स्त्री-पुरुषांची पुढची सारी वाट त्यांनी तपासली.

सुरुवातीला दोघांच्या मिळकतीत फार अंतर नव्हते. पुरुषांची सरासरी वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार डॉलर आणि स्त्रियांची १ लाख १५ हजार. नऊ वर्षांनी पाहिले तर पुरुष ४ लाखांवर आणि स्त्रिया अडीच लाखांवर. शाळा तीच, परीक्षा तीच, मग ही दरी कोठून आली? वर्गात घेतलेले विषय आणि मिळालेले गुण यांचा वाटा थोडा. मोठा वाटा दोन गोष्टींचा, नोकरीत पडलेला खंड आणि आठवड्याला कामाचे कमी झालेले तास. आणि या दोन्हींचे मुख्य कारण मूल होणे हे होते. ज्या स्त्रियांना मूल नव्हते आणि ज्यांच्या नोकरीत खंड पडला नव्हता त्यांच्यात आणि पुरुषांत फरक थोडाच राहिला. आणखी एक बाब अशी की, मूल झाल्यावर काम कमी करण्याचे प्रमाण पती अधिक कमावणारा असेल तेथे जास्त होते.

यावर कोणी म्हणेल की, हा ज्याच्या त्याच्या घरचा राजीखुशीचा मामला आहे. अगदी बरोबर. मुलासाठी वेळ काढणे हा तोटा मानण्याचे कारण नाही, मग तो आईने काढो वा बापाने. प्रश्न एवढाच की, निर्णय दोघांनी बसून घेतला की आपोआप घडला. हार्वर्डने आपल्या २५ हजारांहून अधिक माजी विद्यार्थ्यांना विचारले आणि २०१४ साली उत्तरे प्रसिद्ध झाली. शाळेतून बाहेर पडताना बहुतेक स्त्रियांची अपेक्षा होती की, आपल्या आणि पतीच्या कामाला घरात सारखे महत्त्व मिळेल. मधल्या आणि वडील पिढीतल्या निम्म्याहून अधिक पुरुषांची अपेक्षा होती की, आपल्या कामाला आधी मान मिळेल. म्हणजे भागीदारीत दोन्ही पक्षांनी वेगवेगळा करार मनात धरला होता आणि कागद केलाच नव्हता. शिकलेल्या बायका मूल झाले की घरीच बसतात या समजालाही या पाहणीने धक्का दिला. मुलांसाठी पूर्णपणे काम सोडलेल्या स्त्रिया या दोन पिढ्यांत अवघ्या ११ टक्के निघाल्या.

गोल्डिन यांचे पुढचे म्हणणे व्यापाऱ्याने मुद्दाम वाचावे असे आहे. काही कामांत रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्याला दुपटीहून अधिक मोबदला मिळतो आणि ठराविक वेळ काम करणाऱ्याला फारच कमी. घरात मूल असले की दोघांपैकी एकाला ठराविक वेळेचे काम धरावे लागते आणि दरी तेथून पडते. उलट अमेरिकेतल्या औषध दुकानांत ती फार थोडी आहे. कारण तेथे गिऱ्हाइकाची सारी नोंद लिहिलेली असते, औषधे ठरलेल्या प्रकारची असतात आणि एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा उभा राहू शकतो. कमी तास काम केले तर पगार कमी, पण तासाचा भाव तोच.

आपल्याकडे

हे सारे परदेशाचे झाले असे वाटू देऊ नये. अहमदाबादची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट १९६१ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्याच सहकार्याने उभी राहिली. प्रत्यक्ष कंपन्यांची उदाहरणे घेऊन शिकविण्याची रीत तेथूनच आली. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली स्टॅनफर्डच्या साहाय्याने सुरू झाली. वर्गमित्रांचे नाते जपण्याची रीतही आपल्याकडे आता चांगली मुरली आहे.

अहमदाबादच्या १९८९ च्या वर्गातले संजीव बिखचंदानी यांनी थोड्याच काळात हॉर्लिक्स कंपनीची नोकरी सोडली. ऑफिसात नियतकालिक आले की सहकारी ते मागच्या पानापासून, म्हणजे नोकरीच्या जाहिरातींपासून वाचतात, हे त्यांनी पाहिले होते. त्यातून १९९७ साली नोकरी डॉट कॉम निघाली आणि २००६ साली तिच्या कंपनीचे शेअर बाजारात आले. ही झाली जमेची बाजू. नावेची बाजू अशी की, नोकरी सोडल्यानंतरच्या ओढगस्तीच्या वर्षांत त्यांचे घर चालले ते पत्नीच्या नोकरीवर. त्याही अहमदाबादच्याच वर्गातल्या. पुरुषाने धंद्यात उडी मारली आणि घरचा पगार बाईने आणला, असे सरळ लिहायला आपल्याकडे अनेकांना संकोच वाटतो. स्वतः बिखचंदानी ते मोकळेपणाने सांगतात.

मराठी घरातले हर्षा भोगले आणि त्यांच्या पत्नी अनिता हे दोघेही अहमदाबादच्या १९८५ च्या वर्गातले. हर्षा यांनी जाहिरातीची नोकरी सोडून क्रिकेटच्या समालोचनाची वाट धरली. एम.बी.ए. झालेल्या मुलाने असे काही करावे, हे त्या काळच्या वर्गमित्रांना विचित्रच वाटले असणार. पुढे दोघांनी मिळून कंपन्यांना खेळाच्या उदाहरणांवरून धडे देण्याचा व्यवसाय उभारला आणि २०११ साली त्यावर पुस्तकही लिहिले. नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या वाटचालीवर अनिता यांचे स्वतंत्र पुस्तकही आहे.

आपण काय करावे

वाचक बंधू-भगिनींनो, हार्वर्डचा दाखला मिळणे थोड्यांच्या नशिबी असते. वर्गमित्र मात्र सर्वांनाच असतात. रत्नागिरीच्या कॉमर्स कॉलेजातले असोत, पुण्याच्या एम.बी.ए.चे असोत की आय.टी.आय.चे. त्यांतले काही मुंबईत, काही मस्कत-कुवेतला, काही गावातच वडिलांच्या दुकानावर. त्यांची वही नीट ठेवायची तर काही गोष्टी ध्यानात धराव्यात.

एक. वर्गातला एक जण चिटणीस नेमावा आणि वर्षातून एकदा प्रत्येकाकडून चार ओळी मागवाव्यात. मुलींची नावे आधी शोधावीत. लग्नानंतर आडनाव आणि गाव बदलले की यादीतून सर्वांत आधी त्याच गळतात, आणि पुन्हा काम धरू पाहणाऱ्या बाईला जुन्या ओळखीची सर्वांत जास्त गरज असते. खंड पडलेल्या वर्गभगिनीला मुलाखतीपर्यंत पोहोचविणे हे चार भाषणांपेक्षा मोलाचे.

दोन. पगाराविषयी मोघम बोलू नये. खासगीत आणि विश्वासात का होईना, पण खरा आकडा एकमेकांना सांगावा. गावाकडून नव्याने शहरात आलेल्या मुलाला तो कळला तर त्याची वर्षभराची कमाई बदलेल.

तीन. मेळाव्यात एक तास बुडालेल्या धंद्यांसाठी राखावा. ज्याचे दुकान बंद पडले त्याला मानाने बोलवावे आणि काय चुकले ते सांगू द्यावे. बहुधा असाच माणूस लाजेने मेळाव्याला येत नाही आणि सर्वांत मोलाचा धडा त्याच्याबरोबर बाहेर राहतो.

चार. वर्गमित्र म्हणून भागीदारी करावी, पण कागद करून करावी. कोणाचे भांडवल किती, वेळ कोण किती देणार, बाहेर पडायचे झाल्यास हिशेब कसा होणार, हे आधी लिहावे. कागदाने दोस्ती तुटत नाही, बिनकागदाच्या हिशेबाने तुटते.

पाच. ज्यांचे स्वतःचे दुकान किंवा ऑफिस आहे त्यांनी हिशेब, उधारी आणि गिऱ्हाइकाच्या नोंदी अशा लिहून ठेवाव्यात की, एकाचे काम दुसरा हाती घेऊ शकेल. मग मुलाच्या परीक्षेला बापही घरी थांबू शकतो आणि घरची शिकलेली लेक किंवा सून दिवसातले चार तास काम करूनही पूर्ण भावाने कमवू शकते.

सहा. लग्न ठरविताना मुलगा-मुलगी दोघे शिकलेले असतील तर नोकरी, बदली आणि मुलांची जबाबदारी यांविषयी आधीच बोलणी व्हावीत. वडीलधाऱ्यांनीही ती होऊ द्यावीत. मनातल्या मनात धरलेले दोन वेगळे करार हेच पुढच्या कलहाचे मूळ असते.

आणि खुशाली वाचताना मन खट्टू करून घेऊ नये. दुसऱ्याची जमेची बाजू आणि आपली नावेची बाजू शेजारी ठेवून जो हिशेब करील, त्याला तोटाच दिसेल. स्किलिंग यांच्या वर्गमित्रांना विसाव्या वर्षी जे दिसले ते बाविसाव्या वर्षी राहिले नव्हते.

पुढच्या मेळाव्याला जाल तेव्हा मित्राला हुद्दा जरूर विचारा. त्याबरोबर मुले कितवीत आहेत, घरी जेवायला किती वाजता पोहोचतोस, आणि वहिनी सध्या काय काम करतात, हेही विचारा. वर्गभगिनी भेटली तर नवऱ्याचा हुद्दा विचारण्याआधी तिचे स्वतःचे काम कसे चालले आहे ते विचारा. या उत्तरांनी त्याचा ताळेबंद पुरा होईल, आणि आपला कसा लिहायचा तेही कळेल.